निळ्या दोऱ्याची हॅट

प्रिय आत्या,

तुझ्या डोक्याचा घेर किती आहे? पंधरा दिवसांपूर्वी एका दुकानात मला हे विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. अजूनही देता येत नाही. माझ्या खांद्याचं, मनगटाचं, कमरेचं माप तुला टेप न लावता ठाऊक असतं. मी दारातून आत आले की 'दंडात सुटलीस गं' नाहीतर 'हॉस्टेलवर उपाशी ठेवतात का तुला?' हे तू नुसत्या नजरेनं सांगायचीस. आणि मी, घरातली पहिली पदवीधर, वजनंमापं तपासायच्या कचेरीतली बाई, जिच्या पिशवीत शिक्क्याची पोलादी पट्टी कायम असते, ती मी तुझ्या डोक्याबद्दल एवढंच सांगू शकले की ते बाबांसारखंच कपाळाकडे रुंद आहे आणि त्यात बरंच काही साठवलेलं आहे. दुकानदार म्हणाला, "साठवलेल्याचं माप आमच्याकडे घेत नाहीत, ताई."

घाबरू नकोस, इथं सगळं ठीक आहे. खोली तीच आहे. खिडकीखाली रस्ता, रस्त्यापलीकडे छत्र्या दुरुस्त करणाऱ्याचं दुकान, आणि त्याच्या छपरावर इतकं मोठं आकाश की रविवारी मी त्याच्याकडे बघत बसते आणि धुतलेले कपडे बादलीतच राहतात. (कपाळावर हात मारून घेऊ नकोस.) नोकरी मला फार आवडते. सकाळी साहेबांबरोबर निघायचं, एकेका दुकानात शिरायचं, तराजूच्या पारड्यात आमची पितळी वजनं ठेवायची आणि काटा मधोमध येऊन थांबेपर्यंत श्वास धरून उभं राहायचं. तो थांबतो ना, तेव्हा मला दरवेळी वाटतं की एवढ्यापुरतं तरी जग बरोबर आहे. साहेबांनी माझं नावच 'काटा' ठेवलंय. म्हणतात, ही बाई मधोमध उभी राहिल्याशिवाय बसत नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी सुखावले होते, आणि त्याच दुपारी मला जेवण गेलं नाही. असं का झालं ते सांगेन. जरा दमानं सांगू दे.

तर घेर विचारला त्याच्या काही दिवस आधी आम्ही त्याच हॅटच्या दुकानात तपासणीला गेलो होतो. अरुंद, लांबलचक खोली, दोन्ही भिंतींना छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर नुसत्या हॅट. काळ्या, तपकिरी, बाटलीच्या हिरव्या रंगाच्या. दिवा एकच, तोही पार मागे. आत शिरल्यावर वाटतं, पुष्कळ माणसं कुठेतरी निघाली होती आणि आपापली डोकी इथं ठेवून 'आलोच' म्हणून बाहेर गेली. दुकानदार म्हातारा, बोटं मात्र तुझ्यासारखी, सतत काहीतरी सारखं करणारी. त्याची कापडी टेप मी आमच्या पट्टीला लावली तर ती वापरून वापरून नखभर ताणलेली. म्हणजे त्याच्याकडे प्रत्येक डोकं खऱ्यापेक्षा लहान भरत होतं. मी गंभीरपणे तसं सांगितलं. तो तितक्याच गंभीरपणे म्हणाला, "वीस वर्षं झाली, पण आपलं डोकं लहान निघालं म्हणून एकानंही तक्रार केली नाही." साहेबांना हसू आवरेना. मी टेप बदलायची नोटीस लिहिली, वर पाहिलं, आणि मागच्या फळीवर, स्वस्त मालाच्या चळतीत, मला एक राखाडी हॅट दिसली.

तू ओळखलंस ना? तीच कशी असेल, पण रंग अगदी तोच होता, कबुतराच्या पोटाचा. असल्या हॅटला फेडोरा म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. आपण तिला नुसतं 'ती राखाडी' म्हणायचो, घरातल्या मांजराबद्दल बोलावं तसं. राखाडी आज पुसलीस का? राखाडीवर फार धूळ बसली गं. शाळा सुटल्यावर मी लाँड्रीत यायची आणि तुझ्या टेबलाखाली, घडी घातलेल्या ब्लँकेटांच्या थप्पीवर बसून अभ्यास करायची. वरून तुझ्या इस्त्रीची वाफ उतरायची. वहीची पानं मऊ पडायची, अक्षरं फुगायची. बाई शाळेत विचारायच्या, तुझी वही पाण्यात पडते का गं? मी तोंडात पेन्सिल धरून त्या धुक्यात बसायची म्हणून तू मला 'पेन्सिल' म्हणायला लागलीस. त्या धुक्यातून वर पाहिलं की समोर न्यायला न आलेल्या वस्तूंची फळी आणि त्या फळीवर राखाडी. एका गृहस्थानं ती साफ करायला टाकली आणि तो कुठे दूर देशी निघून गेला. महिने गेले, वर्षं गेली. मालक म्हणायचे, टाका विकून. तू म्हणायचीस, पावती त्याच्याजवळ आहे तोवर वस्तू त्याची.

त्या माणसाच्या मी किती गोष्टी रचल्या होत्या! कधी तो जहाजावर असायचा, कधी डोंगरातल्या एखाद्या स्टेशनावर गाडीची वाट बघत, बोडक्या डोक्यानं. तू दर शनिवारी राखाडी खाली काढायचीस, मऊ ब्रशनं एकाच दिशेनं झटकायचीस आणि मग, सगळ्या बायका गेल्या की, आरशासमोर जाऊन तिला डोक्यावर धरायचीस. घालायची नाहीस. डोक्यापासून बोटभर वर, दोन्ही हातांनी, अधांतरी. 'गिऱ्हाइकाची वस्तू अंगाला लावायची नाही' हा तुझा नियम. त्या बोटभर फटीतून दिव्याचा उजेड यायचा. तू मान जराशी तिरकी करायचीस, एक भुवई वर. टेबलाखालून मला तू ओळखू यायची नाहीस. वाटायचं, ही बाई आता दार उघडून कुठेतरी निघून जाणार आणि आपल्याला हाकही मारणार नाही. मग तू ती फळीवर ठेवून म्हणायचीस, "चल गं पेन्सिल, कढीला... नाही, कणकेला उशीर झाला," असं काहीतरी गोंधळलेलं, आणि पुन्हा माझी आत्या व्हायचीस.

तुमच्या लाँड्रीची दोऱ्याची पद्धत मी इथं साहेबांना सांगितली तर त्यांना खरं वाटेना. इस्त्री करणाऱ्या प्रत्येकीचा एक रंग. कपडा हातावेगळा झाला की आतल्या शिवणीत आपल्या रंगाच्या दोऱ्याचा एकच टाका घालायचा. गिऱ्हाइकाला तो दिसत नाही, पण कुठे डाग राहिला, कापड करपलं, तर मालक शिवण उलटी करून बघणार आणि कोणाचं काम ते कळणार. बाकीच्यांना त्या टाक्याचा धाक होता. तुझं उलटं. लोक काउंटरवर येऊन सांगायचे, निळ्या दोऱ्याच्या बाईंकडे द्या. भिंतीवर ओळीनं पाच खिळे, पाच रिळं, तुझं निळं मधलं. आणि कामावरचा शेवटचा दिवस असला की प्रत्येकीनं सगळ्यांसमोर शेवटचा टाका घालायचा आणि आपलं रीळ घरी न्यायचं. लाल दोऱ्याच्या मावशी गेल्या तेव्हाची आठवण आहे ना? रीळ छातीशी धरून त्या इतक्या रडल्या की मालकांनी घाबरून पंखाच लावला.

साहेबांना मी पुढचं सांगितलं नाही. सात वर्षांपूर्वीच्या त्या गुरुवारी राखाडीचा मालक आला. जहाजी नव्हता, स्टेशनावरचाही नव्हता. चष्म्यातला एक थकलेला माणूस, पाकिटात चार घड्या घातलेली पावती. ती त्यानं काउंटरवर उलगडली आणि फळीकडे बघून हसला, कारण हॅट तिथंच असणार याची त्याला खात्री होती. फळी रिकामी होती. मी टेबलाखाली भूमितीचं प्रमेय लिहीत होते. तू म्हणालीस, "माझ्या हातून हरवली." तो माणूस भांडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "राहू द्या," आणि पावतीची पुन्हा घडी घालून ती खिशात ठेवली. तो गेल्यावर मालकांनी निळं रीळ खिळ्यावरून काढलं आणि गल्ल्याच्या खणात टाकलं. म्हणाले, काम करा, पगार मिळेल, पण आजपासून तुमचा टाका नाही. तेव्हापासून तुझं काम पांढऱ्या दोऱ्यावर जातं, नव्या बायकांचं जातं तसं. आईनं मागच्या पत्रात लिहिलं की येत्या महिनाअखेरीला तू काम सोडते आहेस. समारंभ काही नको म्हणालीस म्हणे. समारंभ होणार तरी कसा होता, आत्या? मधला खिळा रिकामा आहे.

ते पत्र मला सकाळी मिळालं आणि त्याच दिवशी साहेबांनी मला काटा म्हटलं.

म्हणून मी त्या दुकानात पुन्हा गेले, या खेपेला गिऱ्हाईक म्हणून. चांगल्या हॅट सशाच्या केसांच्या असतात, त्यांच्याकडे मी नुसतं बघितलं. चळतीतली लोकरीच्या फेल्टची, मला परवडणारी. कड एका बाजूला वाकडी झालेली, माथा गोल, भाकरी फुगावी तसा, त्याला अजून खळगा पाडलेला नव्हता. दुकानदार म्हणाला, खळगा मी पाडून देतो. मी म्हटलं, मला शिकवा. तेव्हाच त्यानं घेर विचारला आणि मी 'उद्या येते' म्हणून निघाले. घरी येऊन मी तुझा रुमाल काढला, वाफेपासून केस वाचवायला तू डोक्याला बांधायचीस तो. कॉलेजला जाताना मी तो तुझ्या नकळत पिशवीत घातला होता. (चोरीची सवय जुनी आहे.) त्यावर गाठीच्या दोन्ही बाजूंना चुण्या पडल्या आहेत, वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी बांधल्यामुळे पक्क्या झालेल्या. एका चुणीपासून दुसरीपर्यंत मी पोलादी पट्टी फिरवली. साडेपंचावन्न सेंटीमीटर. हे केसांसकट की केसांशिवाय, गाठ सैल होती की घट्ट, कोण सांगणार? कचेरीत असलं माप मी नापास केलं असतं. शेवटी छप्पन्नची घेतली आणि हॅटच्या आतल्या घामपट्टीमागे कागदाची घडी सरकवली. घट्ट झाली तर घडी काढून टाक.

म्हाताऱ्यानं शिकवलं ते तुला सांगते, तुला आवडेल. फेल्ट विणत नाहीत. लोकर ओलावून, वाफ देऊन, दाबून दाबून एकजीव करतात. त्यामुळे त्याला उभा-आडवा धागा नाही आणि ते कुठेही वळतं. पण तापलेल्या लोखंडाला ते घाबरतं, अंग चोरून घेतं, मग काही केल्या मोठं होत नाही. म्हणून इस्त्री कधी लावायची नाही. किटलीच्या तोंडाशी धरायचं, वाफ आत मुरू द्यायची, मऊ पडलं की हातानं आकार द्यायचा आणि गार होईपर्यंत तसंच धरून बसायचं. "लोक इथंच चुकतात," तो म्हणाला. "हात लवकर सोडतात." इस्त्री लावायची नाही हे त्यानं सांगितलं तेव्हा मी काउंटरची कड धरली होती. त्याला वाटलं, मी लक्ष देऊन ऐकते आहे.

गेल्या रविवारी दुपारी मी खोलीत किटली चढवली. खिडक्या लावून घेतल्या. वाफ वर जाऊन छताला टेकली, मग हळूहळू खाली उतरली. आरसा गेला, खिडकी गेली, छत्रीवाल्याचं छप्पर आणि आकाश विरघळलं आणि मी पुन्हा बारा वर्षांची, तुझ्या टेबलाखाली. हॅट हातात गरम, जिवंत वाटावी इतकी मऊ. मी आठवून आठवून बोटं दाबली: वरचा खळगा लांबट, मागे उथळ होत गेलेला, पुढे बोटांनी दाबलेले दोन चिमटे सारखे नाहीत, डावा जरा खोल, कड पुढे किंचित खाली, मागे वर. एवढं बारीक मला कसं आठवत होतं? चार वर्षं मी ती रोज पाहिली होती, त्याहूनही जास्त डोळे मिटल्यावर. हात भाजत होते पण सोडले नाहीत. वाफ विरली तेव्हा टेबलावर राखाडी बसली होती. अगदी तीच. डाव्या चिमट्यासकट.

आणि मग वास आला. ओल्या लोकरीचा, पावसात भिजलेल्या बकरीसारखा जड वास. तो पडद्यांत शिरला, केसांत शिरला, सोमवारी कचेरीत साहेब इकडेतिकडे नाक वळवत होते, आणि आज गुरुवार, तरी उशीला अजून येतो आहे. या वासानं मला सगळं सांगायला लावलं, आत्या. इतकी वर्षं मी जे बोलले नाही ते आता एका दमात लिहिते, मध्ये थांबले तर पान फाडून टाकीन.

राखाडी मी नेली होती. शाळेच्या शेवटच्या वर्षी नाटकात मला प्रवाशाचं काम होतं, पुरुषाचं. दोन वाक्यं होती, पण तेवढ्या दोन वाक्यांसाठी मला जगातली सगळ्यात खरी हॅट हवी होती. शनिवारी, राखाडी पुसून फळीवर ठेवून तू मागे गोण्या बांधत होतीस तेव्हा ती मी दप्तरात घातली. एक दिवसाचा प्रश्न आहे, असं वाटलं. रंगमंचावर ती घालून उभी राहिले तेव्हा मी तुझ्यासारखी मान तिरकी केली आणि एक भुवई वर. टाळ्या पडल्या. उतरताना पाण्याचा जग लवंडला आणि ती भिजून चिंब झाली. मी घाबरून लाँड्रीत गेले. रविवार, बंद, किल्ली आपल्या घरच्या खुंटीवरची. मला सगळं येतं असं मला वाटत होतं ना! लोकरीच्या कोटाला तू कशी इस्त्री करतेस ते हजारदा पाहिलं होतं: ओलं फडकं वर, इस्त्री कडकडीत, जोर द्यायचा. तुझ्या टेबलाखाली वाढलेल्या मुलीशिवाय ही चूक दुसऱ्या कुणी केली नसती. दुसऱ्या कुणी ती उन्हात ठेवली असती आणि ती वाचली असती. मी फडकं उचललं तेव्हा खाली वाटीएवढी, पत्र्यासारखी चकाकणारी एक वस्तू होती. बाहुलीलाही झाली नसती. पुलावरून मी ती पाण्यात टाकली. लगेच बुडली नाही. कितीतरी वेळ कुणीतरी पोहत जावं तशी ती पुढे पुढे जात राहिली.

गुरुवारी मी टेबलाखालून बाहेर यायला हवं होतं. प्रमेयाच्या शेवटी 'हेच सिद्ध करायचे होते' लिहिलं आणि बसून राहिले.

इतकी वर्षं मी समजत होते की तुला काही माहीत नाही. आपल्याच हातून कुठे गहाळ झाली असं तुला वाटलं, म्हणून तू दोष घेतलास. हा विचार मला सोयीचा होता. पण या रविवारी खोलीत तो वास कोंडला तेव्हा लक्षात आलं की त्या सोमवारी सबंध लाँड्रीत हाच वास असणार. आणि तुला? कोटाच्या बाहीवरून त्याच्या मालकाकडे कुत्रा आहे की नाही सांगणाऱ्या बाईला? मग आठवलं, त्या सोमवारी सकाळी शाळेच्या वाटेवर मी लाँड्रीत डोकावले तेव्हा तू इस्त्रीचा तळ चिंधीनं घासत होतीस. रोजचंच काम म्हणून मी बघितलं नव्हतं. पण बघितलं होतं, कारण आता मला ती चिंधी स्पष्ट दिसते, तिच्यावरची राखाडी लव दिसते, आणि ती चिंधी तू बादलीत न टाकता भट्टीत टाकलीस तेही दिसतं. तुला सोमवारपासून माहीत होतं. आणि गुरुवारनंतरच्या शनिवारी मालक माझ्या कॉलेजच्या फीमाफीसाठी दाखला देणार होते. दिलाही त्यांनी. म्हणाले, "बाई, तुमच्या चुकीपायी पोरीचं नुकसान मी करणार नाही." त्यांनी लिहिलं, 'मुलगी अत्यंत विश्वासू आहे, हे मी स्वतः पाहिले आहे.' तो कागद मी प्रत्येक अर्जाला जोडला. हॉस्टेलला, परीक्षेला, या नोकरीलाही. माझी पदवी भिंतीवर लावलीस तेव्हा तू फ्रेम सरळ आहे ना म्हणून तीनदा मागे सरकून पाहिलंस. तू कधी मला विचारलं नाहीस. एकदा तरी विचारायचंस गं.

आता ही नवी हॅट मी कशासाठी घेतली तेही सांगून टाकते, लाज वाटते तरी. तुझ्यासाठी घेते असं मी दुकानदाराला सांगितलं आणि स्वतःलाही. पण मनात दुसरंच स्वप्न चाललं होतं. तुझ्या शेवटच्या दिवशी मी यायचं, फळ्या आवरायच्या निमित्तानं कपाटामागे हात घालायचा आणि ओरडायचं, "अगं बाई, ही बघा राखाडी, इथं पडली होती!" मालक रीळ परत देणार, तू टाका घालणार, सगळे रडणार, पंखा लागणार. कुणाला काही सांगावं लागणार नाही. किती सुंदर दिसत होतं ते, वाफेत. म्हणून मी डावा चिमटा खोल घेतला, म्हणून कड तशीच वळवली. मग सोमवारी एका दुकानात साहेबांनी एक वजन उचललं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. हलकं होतं, आतून पोखरलेलं, आणि वर आमच्याच कचेरीचा शिक्का, हुबेहूब. साहेब सहसा चिडत नाहीत, त्या दिवशी चिडले. म्हणाले, "खोटं वजन मी समजू शकतो. पण त्याच्यावर खरा दिसणारा शिक्का?" मी मान खाली घालून नोंद केली. माझ्या खोलीत टेबलावर तसलंच एक बसलं होतं.

काल पोस्टातून आल्यावर मी पुन्हा किटली चढवली. हॅटच्या आतून मूठ घालून खळगा वर ढकलला, चिमटे अंगठ्यानं पुसून काढले, कड सपाट केली आणि ती गार होईपर्यंत दोन्ही हातांनी धरून बसले. घाई केली नाही. फेल्ट विसरतं, आत्या, वाफ दिली की नीट विसरतं. आता ती कुणाचीच नक्कल नाही. या पत्राबरोबर तीच पाठवते आहे, गोल माथ्याची. खळगा तू पाडायचा, तुझ्या हातानं, तुला हवा तसा. ही गिऱ्हाइकाची वस्तू नाही. तिच्यात आणि तुझ्या डोक्यात बोटभर अंतर ठेवायचं कारण नाही. आतल्या पट्टीत टाका मी घातलेला नाही, माझ्याकडे तो रंगही नाही. तो गल्ल्याच्या खणात आहे. काल सकाळी पोस्टात गेले होते ते मालकांचं पत्र टाकायला. त्यांना मी सगळं लिहिलं: नाटक, पाण्याचा जग, इस्त्री, पूल, टेबल. त्यांचा दाखला सोबत परत केला, आणि ज्या कचेरीत तो दाखवून मी बसले आहे तिचा पत्ता दिला, त्यांना कळवायचं असेल तर कळवता यावं म्हणून. राखाडीच्या मालकाचं नाव-गाव जुन्या वहीत असेल तर मला पाठवा, असंही लिहिलं. स्वतःसाठी काही मागितलं नाही. एवढंच मागितलं की महिनाअखेरीला मधल्या खिळ्यावर रीळ लावा. तू चिडशील. 'सात वर्षं मी तोंड शिवून बसले ती याचसाठी का गं?' म्हणशील, आणि माझी नोकरी गेली तर बाबांना काय सांगायचं ते तुलाच सुचवावं लागेल. तुला आधी विचारलं असतं तर तू मला लिहू दिलं नसतंस, म्हणून हे पत्र तुला एक दिवस उशिरा लिहिते आहे. त्यांचं पत्र उद्यापर्यंत पोचेल. रजिस्टर्डनं टाकलंय. पावती माझ्याजवळ आहे.

तुझीच,
पेन्सिल